नवा घोडा कळपात रुळवताना

सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीच्या यात्रेत, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास भरतो. तापीकाठच्या त्या बाजारात सौदा झालेला घोडा टेम्पोतून अंबरनाथ-बदलापूरकडे येऊन उतरेपर्यंत मार्गशीर्ष वद्य पक्ष लागलेला असतो. पुढे पौष. पौषात लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसतातच, त्यामुळे उल्हासनगर-कल्याणातल्या वराती थंडावतात आणि वरातीला जाणारी जनावरं संध्याकाळी आपापल्या ठाणावर असतात. जमीन वाळून घट्ट झालेली, हवा गार, माश्या-गोचिडांचा जोर ओसरलेला. जुन्या कळपात नवा घोडा घालायला आमच्याकडे याहून चांगला काळ वर्षात नाही. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये. इथला चिखल असा की पाठलागात घोडा घसरला तर लाथ न खाताही पाय मोडून घेतो.

ही कृती खच्ची केलेल्या घोड्यासाठी आहे. रेसकोर्सवर त्यालाच गेल्डिंग म्हणतात. कळप धरला आहे पाच-सहा जनावरांचा, थोड्या घोड्या, थोडे खच्ची घोडे, रोज काही तास एकत्र मोकळे सुटणारे. बदलापूर, वांगणी, नेरळ या पट्ट्यात रायडिंग शिकवणाऱ्या जागांवर आणि फार्महाउसवर साधारण असेच कळप असतात. कळपात अंडील, म्हणजे खच्ची न केलेला घोडा असेल तर ही कृती लावू नका. माद्यांच्या राखणीवर असलेला अंडील घोडा दुसऱ्या नराला थारा देत नाही, मग तो खच्ची असो वा नसो.

जुन्या कळपात कोण कुणाच्या वाटेतून बाजूला होतं हे कधीचंच ठरलेलं असतं. नवा आला की पाण्यावर आधी कोण, वैरणीच्या कोणत्या ढिगावर कोण, आवडत्या सोबत्याशेजारी उभं कोण राहणार, हे सगळं पुन्हा एकदा ठरवावं लागतं. ते घोडेच ठरवतात. माणसाच्या हातात आहे तो वेळ आणि जागा. दोन्ही भरपूर दिली, की एरवी लाथांनी ठरणाऱ्या गोष्टी कानांनी ठरतात.

सौदा करण्यापूर्वी

घोडा घेताना सगळेच चाल पाहतात, पाय पाहतात, भोवरे पाहतात. कळपात सोडायचा असेल तर आणखी दोन गोष्टी खोदून विचारा. पहिली, खच्ची केव्हा केला. लहानपणीच खच्ची केलेल्या घोड्याला माद्यांची सहसा फारशी पडलेली नसते. पाच-सात वर्षं अंडील राहून मग खच्ची झालेला घोडा मात्र माद्या गोळा करून त्यांची राखण करू पाहण्याची शक्यता जास्त. शस्त्रक्रियेनंतर रक्तातले नरपणाचे संप्रेरक उतरतात, जडलेली सवय तितकी सहज उतरत नाही. शस्त्रक्रिया ताजी असेल तर आणखी एक धोका: शरीरात उरलेल्या वीर्याने घोडी गाभण राहू शकते. म्हणून निदान सहा आठवडे त्याला माद्यांपासून लांब ठेवा. क्वचित एखाद्याचं एक अंड पोटातच राहून गेलेलं असतं. बाहेरून तो खच्ची दिसतो आणि वागतो मात्र अंडिलासारखा. तशी शंका आली तर पशुवैद्यकाकडून रक्ताची संप्रेरक-तपासणी करून घ्या, मगच पुढे जा.

दुसरी गोष्ट, हा घोडा याआधी मोकळ्या कळपात राहिला आहे का. बाजारात तो अगाडी-पिछाडीला बांधलेला असतो, तिथे काहीच कळत नाही. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला घोडा असेल तर उत्तर बहुधा ‘नाही’ असंच असतं. शर्यतीच्या घोड्याचं तरुणपण एकेकट्या खणात जातं. शेजारच्याचं डोकं दिसतं, सहवास घडत नाही. कान मागे टाकून दिलेली पहिली ताकीद अशा घोड्याला वाचता येत नाही, मान लांब करून दिलेली दुसरीही नाही, आणि तिसरी लाथेचीच असते. असा घोडा वाईट मुळीच नव्हे. मी तर म्हणेन, कळपाची खरी गरज त्यालाच आहे. फक्त पुढे दिलेला प्रत्येक टप्पा त्याच्यासाठी दुप्पट धरा.

ग्लँडर्सच्या तपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय घोडा गाडीत चढवू नका. हा रोग माणसालाही होतो आणि जीव घेतो. घोड्यांना त्यावर उपचार दिला जात नाही. तपासणीत रोग पक्का झालेला घोडा २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग कायद्याखाली मारावा लागतो आणि आसपासच्या घोड्यांचीही तपासणी होते. आपल्याकडे या रोगाच्या निदानाचं मुख्य केंद्र हरियाणातल्या हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत नमुना पाठवता येतो. अहवाल यायला दिवस लागतात, ते लागू द्या.

मार्गशीर्ष वद्य: वेगळं ठाण

घोडा उतरला की थेट वेगळ्या ठाणावर. पूर्ण २१ दिवस. कळपापासून ३०-४० फूट लांब, नाकाला नाक लागणार नाही असं, पण कळप नजरेला पडेल असं. घोडी-घोडा कुणीच न दिसणाऱ्या कोपऱ्यात ठेवलेलं जनावर वैरण टाकतं, रात्रभर खिंकाळतं, आणि थकून आजारी पडतं.

२१ दिवस का? मुख्य भीती स्ट्रँगल्सची. जबड्याखाली गाठी येतात, नाकातून पू वाहतो, आणि एकाचा रोग बघता बघता साऱ्या पागेला लागतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत ३ ते १४ दिवस जातात. ताप मात्र नाक वाहायला लागण्याच्या एक-दोन दिवस आधी येतो, आणि तेव्हा घोडा अजून फारसा रोग पसरवत नसतो. म्हणून थर्मामीटर हे या काळातलं सगळ्यात मोलाचं हत्यार. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गुदद्वारातून तापमान घ्या आणि वहीत लिहा. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान ९९ ते १०१ अंश फॅरेनहाइट असतं. १०१.५ च्या वर गेलं की डॉक्टरला फोन, आणि त्या दिवशी मोतद्दाराने दुसऱ्या कुठल्याही घोड्याला हात लावायचा नाही.

त्याची बादली, खरारा, दोर, तोबरा, अंग पुसायचं फडकं, सगळं निराळं. शक्य असेल तर मोतद्दारही निराळा. नसेल तर त्याने आधी जुन्यांचं सगळं उरकावं, नव्याचं शेवटी, आणि नंतर हात-पाय साबणाने धुवावेत. चार घोड्यांना एकाच बादलीत पाणी दाखवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. या २१ दिवसांत ती मोडावीच लागते.

याच मुदतीत डॉक्टरकडून आणखी कामं उरकून घ्या. धनुर्वाताची लस, कारण पुढे चावे आणि ओरखडे होणारच आहेत. लिदीची तपासणी करून जंताचं औषध. रक्ताचा नमुना सर्रा आणि गोचीडतापासाठी. कोकणपट्टीत पावसाळा काढलेल्या किंवा गुरांच्या सोबतीने राहिलेल्या घोड्यात हे दोन्ही दबून असू शकतात. मधूनच चढणारा ताप, फिकट किंवा पिवळसर हिरड्या, पोटाखाली आणि पायांवर सूज दिसली तर तपासणीत चालढकल नको. दबलेला आजार कळपातल्या ताणाने उफाळून येतो आणि मग घोडा ‘रुळत नाही’ म्हणून आपण त्यालाच दोष देत बसतो.

चंदीची बदली सावकाश. जिथून घोडा आणला तिथली थोडी चंदी पोत्यात भरून आणा आणि ८-१० दिवसांत हळूहळू तुमच्याकडच्या खुराकावर न्या. एका दिवसात बदलली तर पोटशूळ ठरलेला. शर्यतीच्या घोड्याचा दाणा कमी करत आणा आणि वाळलं गवत वाढवा. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला किमान ६ ते ८ किलो वाळली वैरण लागतेच. आपल्याकडे स्वस्त मिळतो म्हणून निव्वळ भाताचा पेंढा टाकला जातो. त्याने पोट भरतं, अंग भरत नाही.

जागा

हे २१ दिवस जागा तयार करायलाही वापरा. पाच-सहा घोड्यांच्या ओळखीला एक एकर, म्हणजे ४० गुंठे, ही मी किमान जागा धरतो. जमिनीचे भाव पाहता अंबरनाथ-बदलापुरात पुष्कळांकडे त्याच्या अर्धीही नसते. मग ओळखीच्या दिवसांपुरता एखादा माळ मागून घ्या. पौषात भातखाचरं रिकामी दिसतात खरी, पण त्यांचे बांध धावणाऱ्या घोड्याच्या पायात येतात आणि कापलेल्या भाताचे खुंट टोचतात. खाचरापेक्षा माळ बरा.

काटेरी तार पूर्ण काढून टाका. एका बाजूला राहिली तरी घोडा नेमका तिथेच जाऊन अडकतो. बांबूचं किंवा पाइपचं कुंपण, नाही तर सौर बॅटरीवरची रुंद पांढरी विजेची पट्टी चालते. पट्टी घोड्याला लांबून दिसते, बारीक तार दिसत नाही. कोपरे बुजवा. चौकोनी जागेचे चारही कोपरे आडवे बांबू बांधून तिरके करा, म्हणजे पळणारा घोडा कोपऱ्यात कोंडला जाणार नाही, वळून पुढे जाईल. कंपाउंडची भिंत आणि शेड यांच्यातली बोळकांडी बंद करा. पाणी दोन ठिकाणी, एकमेकांपासून लांब ठेवा. वालधुनी नदीच्या किंवा एमआयडीसीतून येणाऱ्या एखाद्या नाल्याच्या काठाला तुमची जागा लागून असेल तर तो काठ कुंपणाबाहेर टाका; त्या पाण्याला घोड्याचं तोंड लागता कामा नये.

पौषात संक्रांत येते. त्या दिवसांत रोज सकाळी जागेवरून फिरून मांजा वेचा, झाडांवरचा आणि कुंपणावरचासुद्धा. नायलॉनचा मांजा घोड्याच्या घोट्यात गुंतला तर शिरा कापतो.

नालबंदाला बोलावून मागच्या पायांचे नाल काढून घ्या, नव्याचेही आणि जुन्यांचेही. उघड्या खुराची लाथ सुजवते, नालाची लाथ हाड फोडते. मागचे नाल निघाले की डांबरी रस्त्यावरचं काम आपोआप कमी करावं लागतं, आणि पौष निवडण्याचं हे माझं आणखी एक कारण. मोकळं सोडताना अंगावर काही नको. नायलॉनची म्होरकी तर मुळीच नको: ती खांबात अडकते, दुसऱ्याचा खूर तिच्यात अडकतो, आणि ती तुटत नाही.

पौष शुद्ध: कुंपणाआडून

ताप नाही, नाक कोरडं, अहवाल स्वच्छ. २१ दिवस पूर्ण. आता नव्याला कळपाच्या शेजारच्या कुंपणात आणा. पहिले दोन दिवस दोन कुंपणांमध्ये सहा-सात फुटांचा बोळ राहू द्या. एकमेकांना पाहून पळणं, शेपट्या उंचावणं, खिंकाळणं, फुरफुरणं होईल. ते ओसरलं की बोळ काढा आणि मधे एकच भक्कम आडोसा ठेवा, ज्यावरून नाकं भिडतील पण पाय पलीकडे जाणार नाहीत.

नाकं भिडल्यावर काय होतं ते नीट बघा, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांची माहिती इथेच मिळते. दोघं नाकपुड्या फुगवून एकमेकांचा श्वास घेतात. मग बहुतेक वेळा घोडी एकदम किंकाळी फोडते आणि पुढचा पाय जमिनीवर आपटते. बघणारे घाबरतात, पण ही घोड्यांची रीत आहे, तिच्यात राग असेलच असं नाही. महत्त्वाचं ते त्यानंतरचं. किंकाळीनंतर दोघं परत नाक पुढे करतात का? नवा तोंड फिरवून, मान खाली घालून गवताकडे वळतो का? कुणी कान पूर्ण चिकटवून, दात दाखवत कुंपणाच्या बाजूने त्याच्याबरोबर धावत राहतं का? तो धावणारा कोण, हे वहीत लिहा. आणि सगळ्यांनी सोडून दिल्यावरही कुंपणापाशी शांतपणे थांबून राहतो तो कोण, हेही लिहा. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळलेली असतात, त्यामुळे नवख्याला त्यांचे कान वाचायला जरा जड जातं. तिथे कानाच्या मुळाकडे बघा: मूळ मागे दाबलं गेलं की कान मागे गेले.

अनोळखी घोड्यांच्या जोड्यांवर केलेल्या एका अभ्यासात, आधी शेजारशेजारच्या खणांत ओळख झालेले घोडे मोकळ्यावर भेटले तेव्हा चाव्यांचं प्रमाण कमी भरलं. तिथे ही ओळख काही मिनिटांचीच होती. आपण आठवडा देणार आहोत.

या आठवड्यात रोज एक काम करायचं. कळप कामाला किंवा ठाणावर गेला की नव्याला तासभर एकट्याला मोठ्या जागेत सोडा. कुंपण कुठे आहे, पाणी कुठे, उतार कुठे, खड्डा कुठे हे त्याला पाठलाग सुरू होण्याआधी ठाऊक हवं. जुन्यांच्या लिदी तो हुंगत फिरेल. हुंगू द्या, त्यातून त्याला कुणाकुणाशी गाठ आहे ते कळतं.

पौर्णिमेनंतर: एक सोबती

सगळ्या कळपाशी एकदम ओळख करून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. दार उघडायचं, नव्याला आत ढकलायचं, ‘होईल आपोआप’ म्हणायचं. कधी कधी होतंही. पण पाच जणांच्या मागे लागण्यातून सुटायला एकट्या घोड्याकडे पळण्याखेरीज उपाय नसतो, आणि पळणाऱ्याच्या मागे धावणं कळपाला आवडतं. अंबरनाथ लोकलच्या डब्यातल्या रोजच्या मंडळींत नवा माणूस कुणा एकाच्या ओळखीने बसता होतो, तसंच इथे करायचं.

सोबती निवडताना दोन टोकं टाळा. सगळ्यांना पळवणारा नको. तो सोबत करणार नाही. सगळ्यांकडून पळवला जाणाराही नको. हाताखाली कुणी तरी मिळालं म्हणून तोच सगळ्यात जास्त छळतो. मधल्या मानाचा, वयाने पोक्त, कुंपणापाशी शांत उभा राहिलेला असा खच्ची घोडा सगळ्यात उत्तम. तो नसेल तर एखादी वयस्क, निवांत घोडी.

आधी दोघांना दोन माणसांनी हातात धरून बरोबर चालवा. सोबती पुढे, नवा मागे, मग शेजारी शेजारी, मधे घोड्याच्या लांबीएवढं अंतर. दोर हातात सैल असावा. या वेळी दोघांना नाक लावायला थांबवू नका, चालत राहा. दोन-तीन दिवसांनी दोघांना नव्याच्या कुंपणात मोकळं सोडा. त्यांचं जमलं की चिन्ह स्पष्ट असतं: दोघं एकमेकांपासून दोन-तीन पावलांवर चरतात, किंवा उलटसुलट उभे राहून एकमेकांची मान आणि खांदा दातांनी खाजवतात. या खाजवण्याची ताकद मोठी आहे. फ्रान्सच्या कामार्ग भागातल्या घोड्यांवरचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. मानेच्या बुडाशी, खांद्यालगत खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असं त्यात मोजून दाखवलं होतं. मोतद्दाराने खरारा करताना त्याच जागी हात जरा जास्त वेळ चालवावा असं मी सुचवेन.

जमलेल्या जोडीत एकेक दिवसाच्या अंतराने तिसरा घोडा घाला, जमल्यास चौथाही. कुंपणाला लागून धावणाऱ्याला सगळ्यात शेवटी.

सोडायचा दिवस

सकाळची वेळ घ्या. घोड्यांनी रात्रभर वैरण खाल्लेली असावी, भुकेला घोडा भांडखोर असतो. शेजारच्या हॉलमध्ये डीजे असलेला दिवस टाळा. डॉक्टर गावात आहे ना, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. जुन्यांना थोडं फिरवून आणा, म्हणजे अंगातली रग उतरते. घामाघूम मात्र करू नका.

जागेत वाळल्या गवताचे ढीग टाका. घोडे जितके, त्याहून दोन जास्त, आणि दोन ढिगांमध्ये २५-३० फूट अंतर. चंदीचा एक दाणाही जागेत नको. दोन माणसं आत, डोक्यावर हेल्मेट, हातात एक लांब दोर. बाकी सगळे बाहेर. मुलं, पाहुणे, मोबाइलवर चित्रण करणारे कुंपणापासूनही लांब.

आधी नवा आणि सोबती दोघंच आत. कुंपणाकडेने एक फेरी हातात धरून. मग दोघांची तोंडं आपल्याकडे वळवून म्होरक्या काढा आणि मागे सरा. तोंड माणसाकडे असलं की सुटताना झाडलेल्या दुगाण्या आपल्याला लागत नाहीत. दोघं गवताला लागले की उरलेले घोडे एकेक करून सोडा, आणि सगळे सुटल्याबरोबर माणसांनी बाहेर यायचं. पळत्या कळपाच्या मधे उभं राहून कुणीही काहीही सोडवू शकत नाही.

पहिली दहा-पंधरा मिनिटं गोंधळाची असतात. धावणं, हुंगणं, किंकाळ्या, हवेत झाडलेल्या लाथा, एखादा चावा. नवा वळसे घेत पळेल, सोबत्याच्या आड उभा राहील. मग हळूहळू एकेकाचं डोकं गवतात जातं. त्या दिवशी तुम्हाला पाहायची एकच गोष्ट: नवा कळपापासून किती अंतरावर चरतोय. पहिल्या दिवशी साठ-सत्तर फुटांवर असेल तरी उत्तम आहे. ते अंतर रोज थोडं कमी होत जातं. ते वाढत असेल किंवा नवा चरतच नसेल, तर एक टप्पा मागे या.

खच्ची घोड्यांमध्ये खेळ पुष्कळ असतो आणि तो भांडणासारखाच दिसतो. दोन पायांवर उभं राहणं, मानेवर मान दाबणं, पुढच्या पायांना तोंड मारून एकमेकांना गुडघ्यावर आणणं, हे सगळं नर घोड्यांचं लहानपणापासूनचं खेळणं आहे. रानातले तरुण नरही आपल्या टोळीत हेच करतात. खेळात पाळी बदलते, एकदा हा पाठलाग करतो, एकदा तो. तोंड उघडं असतं पण चावा अर्धाच घेतला जातो, कान कधी पुढे कधी बाजूला असतात, मधेच थांबून दोघं गवत खातात. भांडणात एकच जण पळत असतो. कान कवटीला चिकटलेले, शेपटी आवळलेली किंवा सपासप हलणारी, आणि पळणारा थांबला तरी मागचा थांबत नाही.

आता, हात कधी घालायचा. नव्याला परत परत त्याच कडेला कोंडलं जातंय. दोघं-तिघं मिळून मागे लागलेत. तासभर झाला तरी त्याला पाण्यावर येऊ दिलं जात नाही. कुणी पाठ फिरवून नेम धरून सलग लाथा मारतंय. कुणी मानेवर किंवा पाठीवर पकड घेऊन सोडत नाही. नवा कुंपणावरून उडी मारायला बघतोय. किंवा नवाच माद्यांवर चढतोय, त्यांना हाकून एका कडेला नेतोय. यातलं काहीही दिसलं की लांब दोर हवेत फिरवत, बाजूने शिरून त्यांना वेगळं करा.

पण बाहेर कुणाला काढायचं? सवयीने लोक नव्याला काढतात. माझं मत स्पष्ट आहे: छळणाऱ्याला बाहेर काढा. नवा माद्यांची राखण करायला लागला असेल तर तोच छळणारा, त्याला काढा. नव्याला प्रत्येक वेळी बाहेर नेलं तर त्याची ओळख रोज नव्याने सुरू होते आणि कळपाला कळतं की धावलं की हा जातो. छळणाऱ्याला चार-पाच दिवस नजरेआड ठेवलं तर तेवढ्यात नवा बाकीच्यांत जागा धरतो, आणि परत येणाऱ्यालाच आपली जागा मागावी लागते.

पुढचे दिवस

पहिल्या दिवशी दोन-तीन तास पुरे. रोज वाढवत न्या. रात्री सगळे आपापल्या ठाणावर, नव्याचं ठाण सोबत्याच्या शेजारी. आठवडाभर दिवस शांत गेल्याशिवाय रात्री एकत्र सोडू नका. चंदी नेहमी वेगवेगळी, बांधून, तोबऱ्यात. कळपात चंदी टाकून भांडणं लावण्यासारखा दुसरा सोपा मार्ग नाही.

दिवसातून दोनदा नव्याच्या सगळ्या अंगावरून हात फिरवा. थंडीत केस दाट असतात, जखम डोळ्याला दिसत नाही, हाताला लागते. साधे चावे धुऊन औषध लावलं की बरे होतात. दोन जागांची जखम मात्र लहान दिसली तरी डॉक्टरला दाखवायचीच. एक सांध्यावरची किंवा सांध्याजवळची, कारण ती आत शिरली असेल तर घोडा कायमचा अधू होतो. दुसरी मागच्या पायाच्या वरच्या भागात, आतल्या बाजूला, आणि तशीच पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला. तिथे हाडावर फक्त कातडी असते. लाथेने हाडाला बारीक तडा जाऊनही घोडा त्या दिवशी जवळपास नीट चालतो, आणि नंतर आडवा होऊन उठताना हाड दुभंगतं. तशी शंका असली तर डॉक्टर येईपर्यंत चालवू नका, गाडीत चढवू नका आणि आडवं पडू देऊ नका. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाला न्यायचं झालं तरी कसं न्यायचं हे आधी डॉक्टरला विचारा.

खाण्यापिण्यावर लक्ष ठेवा. घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो. लीद कमी पडली, सुकी पडली किंवा बरगड्या दिसू लागल्या तर त्याला गवतावर उभं राहू दिलं जात नाही असं समजा आणि ढीग आणखी वाढवा, आणखी लांब टाका.

कळपात माद्या असतील तर एक परीक्षा बाकी असते. घोडीचं माजाचं चक्र २१ दिवसांचं, त्यात ५ ते ७ दिवस ती माजावर. थंडीत पुष्कळ माद्यांचा माज मंदावतो, त्यामुळे पौषात सुतासारखा वागलेला नवा घोडा फाल्गुन-चैत्रात एकदम राखणदार होऊन बसू शकतो. तसं झालं तर त्याला शिक्षा करून उपयोग नाही. माद्यांचा एक गट आणि खच्ची घोड्यांचा दुसरा गट अशी कायमची विभागणी करा. कित्येक जागी हीच व्यवस्था बारमाही ठेवतात आणि ती चांगली चालते.

माघ लागला की लग्नसराई सुरू होते, कळपातले एक-दोन जण रोज संध्याकाळी बाहेर जाऊ लागतात. नव्याचा सोबती पहिले काही दिवस वरातीला पाठवू नका. नव्याला कामाला लावताना आधी त्याच सोबत्याच्या मागे, घोड्याच्या दोन लांबीचं अंतर ठेवून चालवा. कळपात कान पाडणारा घोडा खोगिराखालीही कान पाडतो, म्हणून रांगेत त्याला आणि नव्याला पुढे-मागे लावू नका, आणि लाथ मारणाऱ्याच्या शेपटीला लाल फीत बांधा. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेची गर्दी आणि लाउडस्पीकर असतात. जागा मंदिराच्या रस्त्याजवळ असेल तर त्या दोन दिवसांत कळप ठाणावरच ठेवा, वैरण भरपूर टाकून.

मागचे नाल परत कधी ठोकायचे ते नव्याच्या चरण्याच्या अंतरावरून ठरवा. आठवडाभर अंगावर ताजा ओरखडा नाही, पाण्यावर तो आपल्या पाळीने येतो, आणि दुपारच्या उन्हात बाकीच्यांच्या शेजारी एक मागचा पाय सैल सोडून डुलकी घेतो, एवढं दिसलं की नालबंदाला बोलवा. आधी नव्याचे आणि सोबत्याचे नाल, आठवड्याने बाकीच्यांचे. कुंपणाला लागून धावणाऱ्याचे सगळ्यात शेवटी.